आधी पाल्याची टोपली

३० सप्टेंबर, सोमवार

ही डायरी आमच्या चुलत दिरानं, कडूबानं दिलेली. तो विम्याचं काम करतो. जानेवारीत देऊन गेला, तवापासून पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून पडली व्हती. आज खाली घेतली, कारण मला लई शिव्या द्यायच्या हायेत आणि तोंडानं देता येत नाय. सातवी शिकल्याचा आज पहिल्यांदा उपयोग व्हतोय.

झालं असं. आम्ही दहा-बारा बाया दौलताबादच्या किल्ल्याच्या दारासमोर सीताफळं विकतो. काल रविवार. पुण्याची एक गाडी आली. गाडी थांबायच्या आधीच मी एका दाराला आणि आमच्यातलीच वच्छला दुसऱ्या दाराला. गिऱ्हाईक माझ्याकडं बघत व्हतं, देवाशपथ माझ्याकडं. वच्छलानं मधी हात घातला. मी तिचा अंबाडा धरला. तिनं माझी टोपली लाथाडली. गाडीतली बाई उतरली ती नेमकी पिकल्या सीताफळावर पाय देऊन, आणि बसली की त्या गरात! नवी कोरी पैठणी व्हती तिची. तिचा नवरा असा काही ओरडला की गडावरची माकडं पळाली.

आज किल्ल्याच्या साहेबानं सगळ्यांना बोलावलं. आवाज चढवला नाय, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणला, "दिवाळीपर्यंत बघतो. पुन्हा एक भांडण झालं, तर दारासमोर एकही टोपली दिसणार नाही. तिकडे मोठ्या रस्त्याला जाऊन बसा."

मोठ्या रस्त्याला कोण थांबतंय? येरूळच्या लेण्यांना निघालेल्या गाड्या सुसाट जातात, धुरळा तेवढा आपल्या नाकात.

माझी जागा चिंचेखाली हाय. सासूबाईची व्हती, त्या गेल्यावर मला आली. सीताफळाचे दोन-अडीच महिने मी तिथं बसते, तेवढे दिस मी माझी मालकीण. बाकी साल दुसऱ्याच्या रानात खाली मान घालून निंदायचं. ती जागा गेली तर मी काय करू?

घरी येऊन मालकाला सांगितलं. (मालकाचं नाव पुंजाराम. हे लिहिलं, तोंडानं घेतलं नाय.) तर हे दात काढून म्हणतात, "उमाची माय, तुझं तोंड बंद व्हणं आणि गडावरली मेंढा तोफ उडणं, दोन्ही एकाच दिवशी व्हईल बघ." मला असला राग आला! तिथल्या तिथं म्हणलं, "भद्रा मारुतीची आण. दिवाळीच्या पाडव्यापातूर किल्ल्यापाशी कुणाला एक वाकडा शब्द बोलणार नाय."

बोलून गेले आणि मग जीभ चावली. पण मारुतीनं ऐकलं असणार, त्याचं ठाणं खुलताबादेत, हितून लांब कुठं हाय?

म्हणून आता सगळे वाकडे शब्द इथं. वच्छला, तू टवळी हायस. सटवी हायस. तुझा अंबाडा निम्मा गंगावनाचा हाय, माझ्या हातात आला तवा कळलं.

बरं वाटलं.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी, म्हणून गर्दी. वच्छलानं माझी दोन गिऱ्हाईकं उचलली. पहिल्याला मी मुठी आवळल्या. दुसऱ्याला पदराचा बोळा करून तोंडात घातला. शब्द घशापातूर येऊन परत जात व्हते.

वच्छला दोनदा माझ्याकडं बघून गेली. तिला चैन पडंना. शेवटी जवळ येऊन म्हणली, "आशे, दाढ दुखती का गं?"

मी मान हलवली. काय सांगणार? तर तिनं कमरेची चंची सोडून मला लवंग दिली. "दाढंखाली धर. माझ्या बी डाव्या बाजूला लई ठणका असतो."

मेलीनं लवंग दिली. आता हिला शिव्या कशा लिहाव्या? लिहितेच. अवदसा.

लवंग चांगली व्हती.

५ ऑक्टोबर, शनिवार

आज एक डाव टाकला. खरं तेच लिहिते, हिथं कोण वाचतंय.

सारजामाय आमच्यात सगळ्यात म्हातारी. पळवत नाय, ओरडवत नाय. भिंतीच्या कडंला बसून राहते. दुपार झाली तरी तिची बोहनी नव्हती. बाकी सगळ्यांची निदान एक-एक विक्री झालेली, म्हातारीची टोपली पाल्यानं झाकलेली तशीच.

एक जालन्याकडचा माणूस माझ्यापाशी आला. चार डझन पाहिजे म्हणला. तेवढ्यात वच्छला आली धावत, "दादा, माझी बघा, डोळे उघडलेली हायेत, उद्याला पिकत्याल!" माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. बोलायचं तर नाय. मग काय करावं? मी त्या माणसाला म्हणलं, "दादा, त्या भिंतीपाशी म्हातारी बसलीय, तिची अजून बोहनी व्हायचीय. तिच्याकडून घ्या."

माणूस हसला आणि गेला की तिकडं! वच्छलाचं तोंड असं उघडं पडलं की त्यात आख्खं सीताफळ गेलं असतं.

सारजामायनं त्याच्या नोटा डोळ्याला लावल्या, टोपलीला लावल्या, आणि माझ्याकडं बघून हात जोडले. मला कसंतरीच झालं. मी काही म्हातारीसाठी केलं नव्हतं. वच्छलाला मिळू नये म्हणून केलं. पण आता तिला जाऊन तसं थोडंच सांगायचं?

७ ऑक्टोबर, सोमवार

वच्छला लई हुशार. सकाळी आल्या-आल्या माझ्याजवळ येऊन बसली, टोपलीवरचा पाला सुद्धा काढला नाय. "आशे, माझी बी बोहनी व्हायचीय हां."

म्हणजे झालं! आता माझ्याकडं गिऱ्हाईक आलं आणि मी हिच्याकडं नाय पाठवलं तर ही गावभर सांगणार की आशा म्हातारीला देती आणि मला नाय. आणि मला तिला काही सुनावता येत नाय. आलेलं पहिलं गिऱ्हाईक दिलं तिला. दात-ओठ खात दिलं.

हमीदाबी पलीकडून सगळं बघत व्हती. तिचं घर आमच्या वाड्यामागं, तिच्या अंगणात सीताफळाची जुनी झाडं हायेत. ती म्हणली, "हौ, ये सही है. पहले सब की बोहनी, बाद में अपना-अपना नसीब." आणि तिच्याकडं आलेलं गिऱ्हाईक तिनं चक्क माझ्याकडं पाठवलं.

मी कुणाला काही सांगितलं नाय. त्यांचं त्या करायला लागल्या. भद्रा मारुतीचीच करणी म्हणायची.

१३ ऑक्टोबर, रविवार

घट बसले. आणि आमची पार इज्जत गेली.

सकाळीच गुजराथची मोठी बस आली. आमच्यातल्या एकीची बी बोहनी नव्हती. पहिल्या बाया उतरून माझ्याकडं आल्या. मी म्हणलं, सारजामायकडून घ्या, तिची बोहनी नाय. सारजामाय म्हणली, माझं काय एवढं, हमीदाबीला लेकीकडं जायचंय, तिच्याकडून घ्या. हमीदाबी म्हणली, "नक्को बा, वच्छला सुबू से बैठी है." आणि वच्छला, जिनं जन्मात कुणाला एक बी गिऱ्हाईक सोडलं नाय, ती छाती पुढं काढून म्हणते, "आधी आशाबाईची व्हऊ द्या."

त्या बाया गरगर फिरल्या. शेवटी त्यांच्यातली एक म्हातारी काय तरी गुजराथीत बोलली, सगळ्या हसल्या आणि गडावर निघून गेल्या. येताना सरळ बसमधी. बोहनीचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं! ह्याच्यावानी अपशकुन नाय. आधी भांडून गमावत व्हतो, आता लाडीगोडीनं गमावलं.

सगळ्या माझ्याकडं बघत बसल्या. अगं, माझ्याकडं काय बघता? मी काय शिकवलं व्हतं का असं? एवढं तोंडापातूर आलं व्हतं. टोपली उचलली आणि घरी आले. मालकाला सांगितलं तर ते बाजेवर आडवे व्हऊन पोट धरून हसले. हसा.

१४ ऑक्टोबर, सोमवार

पालेभाजी निवडताना सुचलं. सीताफळाची टोपली आणताना वरून पाला झाकतोच आपण. म्हणून आज मी गेल्यावर माझ्या टोपलीवरचा पाला काढलाच नाय. कडंची चार फळं तेवढी दिसू दिली. म्हणलं, विक्री झाली की काढीन.

वच्छलानं विचारलं, "हे काय?"

मी म्हणलं, "काही नाय. पाला हाय म्हणजे बोहनी नाय. गिऱ्हाईकाला फिरवायची गरज नाय, त्याच्याच डोळ्याला दिसंल."

बस्स, एवढंच बोलले. दुपारपातूर बघते तर सगळ्यांच्या टोपल्यांवर पाला. आणि गिऱ्हाईक आलं की हमीदाबी बसल्या जागेवरून सांगते, "पहले पत्ते वाली टोकरी देखो जी." लोकांना मजा वाटते. एक मास्तर पोरांची सहल घेऊन आला व्हता, त्यानं पाल्याच्या टोपल्या शोधून-शोधून सगळ्यांकडून थोडं-थोडं घेतलं. सारजामायचा पाला आज अकराच्या आत उतरला. किती तरी वर्षांत पहिल्यांदा ती जेवायच्या वेळंला जेवली.

गाडी आली तरी कुणी उठलं नाय. मला वाटलं सगळ्यांचे पाय दुखत असतील.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

साहेबानं पहारेकऱ्याबरोबर निरोप पाठवला. पहारेकरी म्हणजे आमच्याच गावचा सांडू, पण टोपी घातली की वळख दाखवत नाय. म्हणला, "एक नाव द्या. कुणी तरी जबाबदार बाई पाहिजे. साहेबाला काही सांगायचं असलं तर कुणाला सांगायचं?"

झालं! द्वारकाबाई उभी राहिली. तिचा दीर ग्रामपंचायतीत हाय. "मी व्हते अध्यक्ष," म्हणली. कुणी नाय म्हणलं नाय. सांडूनं नाव लिहून नेलं.

वच्छलानं मला कोपरानं ढोसलं, "तू का नाय म्हणलीस?"

"मी कशाला? मला काय कळतंय? आणि माझ्या तोंडाला कुलूप हाय सध्या." खरंच तर हाय. अध्यक्ष म्हणजे चार जणींना दरडावायला पाहिजे. मला दरडावताच येत नाय तर कसली अध्यक्ष?

मला जरा बी वाईट वाटलं नाय. थोडं वाटलं. सासूबाई असत्या तर म्हणल्या असत्या, पोरी, तू सातवी शिकलीस, ती दुसरीतून पळाली. पण जाऊ द्या.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

द्वारकाबाईनं घरून प्लास्टिकची खुर्ची आणली. लाल. टोपलीमागं खुर्ची टाकून बसली. सगळ्यांना नंबर लावून दिले, पयला नंबर तिचा. "पाला-बिला बंद. आता नंबरानं विकायचं," म्हणली.

सगळ्या ऐकत व्हत्या आणि मधनंच वळून माझ्याकडं बघत व्हत्या. मला वाटलं माझ्यामागं कुणी उभं हाय. मागं बघितलं तर चिंचच.

मी खाली मान घालून माझा पाला नीट केला. करणार काय? ओल्या पाल्यानं फळ गार राहतं, तो काढून टाकायचा तर फळं करपतील. थोड्या वेळानं बघते तर कुणीच पाला काढलेला नाय. द्वारकाबाई एकटी उघड्या टोपलीपाशी खुर्चीवर.

आणि गंमत बघा, त्या खुर्चीपाशी गिऱ्हाईक जाईना! लोकांना वाटतंय ही काही तरी पावती फाडायला बसलीय. दोघं जण तिला तिकिटाचा भाव विचारून गेले. मला इतकं हसू दाटलं की चिंचेआड जाऊन हसून आले. हसायची आण घेतलेली नाय.

२८ ऑक्टोबर, सोमवार

द्वारकाबाई आणि वच्छलाचं जुंपलं. द्वारकाबाईची तीन दिवसांत एकदा बी वेळेवर बोहनी झाली नव्हती, म्हणून ती वच्छलाच्या गिऱ्हाईकाला "हितं नंबर माझा हाय" म्हणून वढत व्हती. वच्छला कासोटा खोचून उभी. मला वाटलं आता साहेब येतो आणि आपण सगळ्या जातो मोठ्या रस्त्याला.

दोघी भांडत-भांडत माझ्यापाशी आल्या. का आल्या कुणास ठाऊक, मी तर पंच नाय न् पाटील नाय. दोघींनी आपापलं सांगितलं, एकदमच. मला आतून असं वाटत व्हतं की दोघींची डोकी एकमेकींवर आपटावीत. पण आण. मग मी नुसती फळं निवडत राहिले. कडक इकडं, मऊ तिकडं. त्या बोलून-बोलून दमल्या. थांबल्या. मग मी एवढंच विचारलं, "आधी कुणाची बोहनी व्हायचीय?"

वच्छलानं द्वारकाबाईच्या टोपलीकडं बघितलं. मग पुटपुटली, "द्वारकीची."

"मग?"

वच्छलानंच गिऱ्हाईकाला हाताला धरून द्वारकाबाईच्या टोपलीपाशी नेलं. बोहनी झाल्यावर द्वारकाबाईनं नोट डोळ्याला लावली आणि तिचे डोळे भरून आले. खुर्ची उचलून सारजामायला दिली. "तुझे गुडघे दुखत्यात, तू बस." आता आमची सारजामाय लाल खुर्चीवर राणीसारखी बसते आणि बाकी आम्ही खाली.

भांडण माझ्यामुळं मिटलं असं हमीदाबी म्हणत व्हती. मी काही केलं नाय, मी फळं निवडत व्हते.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

सांडू सांगून गेला. रविवारी शहरातून मोठे साहेब येणार, आमच्या साहेबाबरोबर दारासमोर उभं राहून बघणार. बायांना हितं ठेवायचं का हलवायचं, ते त्याच दिवशी ठरणार.

रविवारी! दिवाळीच्या आधीचा रविवार, गाड्यांची रांग पार शहरातल्या क्रांती चौकापासून लागल्यावानी असती. त्या दिवशी तर देव बी भांडतील. मी शनिवारीच सगळ्यांना घरी बोलावून चहा पाजणार हाय. उपदेश नाय, नुसता चहा.

२ नोव्हेंबर, शनिवार

चहा झाला नाय. थंडीताप. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजतायत. हात हालतोय, अक्षर बघा. डॉक्टर सुई देऊन म्हणला, दोन दिवस उठायचं नाय. मी म्हणलं, उद्या जायलाच पाहिजे. मालक म्हणले, बाजेला बांधून ठेवीन.

मारुतीराया, तोंड बंद ठेवलं ना मी? मग असं का?

३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी उजाडताच वच्छला दारात. मला वाटलं बघायला आली. तर म्हणते, "फळं कुठायत?"

परवा तोडलेल्या फळांची टोपली कोपऱ्यात व्हती, डोळे उघडलेली सगळी. उद्यापातूर मऊ व्हऊन फुकट जाणार. वच्छलानं विचारलं नाय का सवरलं नाय, चुंबळ केली, टोपली डोक्यावर घेतली आणि चालायला लागली. मी म्हणलं, "अगं, अगं..." तर म्हणते, "झोप गुमान."

माझ्या डोळ्यांदेखत नेली! एवढी सोन्यावानी फळं. तापात पडलेल्या बाईची टोपली उचलताना हात कसा झडला नाय हिचा? लवंग दिली म्हणून मी हिला चांगली समजायला लागले व्हते. सटवी ती सटवीच.

मालक "जरा जाऊन येतो" म्हणून गेलेत. आत्ता किल्ल्यापाशी काय चाललं असंल? मी नाय म्हणजे कुणी कुणाचे केस धरले असतील. साहेब उभे असतील. चिंचेखालच्या जागेवर मोकळा पाचोळा. रडू येतंय. तापामुळं असंल.

संध्याकाळ. मालक आले. नुसतं मिशीत हसतायत. मी विचारलं, "काय झालं?" म्हणले, "तुझ्या बायाच सांगतील." माझ्या बाया? माझ्या कुठल्या?

४ नोव्हेंबर, सोमवार

ताप उतरला. सकाळी सारजामाय आली, वच्छलाच्या खांद्यावर हात ठेवून. आत आली, बसली, पाणी प्याली, तंबाखू मळली. म्हाताऱ्या माणसांना घाई नसती. मी म्हणलं, "माय, सांग की! जागा राहिली का गेली?"

ती म्हणली, "आधी ऐक."

मग तिनं सांगितलं ते तिच्या बोलीत लिहिते.

"सकाळी वच्छीनं तुझी टोपली चिंचंखाली ठिवली, तुझ्या जागंवर. वर हा एवढा पाला, जाड. दोन्ही साहेब आले. तेवढ्यात बशी लागल्या, एक न् दोन न्हाय, तीन. कुणी उठलं न्हाय. लोकं उतरली, हमीदी म्हणली, आधी पत्तेवाली टोकरी. लोकांनी बघितलं, सगळ्याच टोपल्यांवर पाला! इचारलं, कोणच्या? आन् आमी समद्यांनी एकदम चिंचंकडं बोट केलं."

"माझ्या टोपलीकडं? तिथं तर कुणी बसलेलं नव्हतं."

"तेच तर मोठा साहेब इचारतो. म्हणला, त्या टोपलीपाशी कुणी बाई नाही, आणि तुम्ही गिऱ्हाईक तिकडं का पाठवता? तर ही वच्छी उठून म्हणली, साहेब, ती तापानं पडलीय. तिची बोहनी झाल्याबिगर आज आमच्या कुणाचा पाला निघणार न्हाय."

मी वच्छलाकडं बघितलं. ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचत व्हती. तिला वाचता येत नाय.

"मग?"

"मग त्या मोठ्या साहेबानंच घेतली की तुझी सीताफळं! बोहनी त्यानं केली. मग तुझी टोपली संपंपातूर आमच्यातल्या एकीनं बी आपलं विकलं न्हाय. नंतर आमचं निघालं, दुपारपातूर समद्यांच्या टोपल्या रिकाम्या. साहेब म्हणला, बसा इथंच. आमचा साहेब म्हणला, बाईचं नाव तर द्वारकाबाई लिवलंय. तवा द्वारकी म्हणली, नाव माझंच हाय साहेब, पर काम त्या टोपलीचं हाय."

मला काही उमगंना. टोपली काय काम करती?

"मोठा साहेब म्हणला, मग त्या टोपलीवालीचंच नाव लिहू का? तर वच्छी एकदम वरडली, नको साहेब, नको! तिला नाव लावलं की ती बिघडंल. आत्ता कुठं बोलायची बंद झालीय!"

सारजामाय खोकला येईपातूर हसली. मला राग यायला पाहिजे व्हता. बिघडंल म्हणजे? मी काय दूध हाय का? पण राग येईना. वच्छलानं पदराची गाठ सोडली, माझ्या विक्रीचे सगळे पैसे बाजेवर ठेवले. वरची नोट वेगळी, घडी घातलेली. "ही बोहनीची. मी डोळ्याला लावली नाय. तुझी हाय, तूच लाव."

लावली. डोळ्याला लावली तर ती भिजलीच. वच्छला म्हणली, "अगं, नोट हाय ती, फाटंल." आणि स्वतःच पदरानं पुसायला लागली. नोट नाय, माझे डोळे.

ती गेल्यावर कालचं पान काढून वाचलं. सटवी असं लिहिलं व्हतं. खोडलं.

अंबाड्याचं खोडलं नाय. ते खरं हाय.

१३ नोव्हेंबर, बुधवार

भाऊबीज. काल पाडवा झाला, आण फिटली. भाऊ संध्याकाळी येणार, म्हणून सकाळी किल्ल्यावर जाऊन आले.

दीड महिन्याचं तोंड मोकळं व्हणार म्हणून मी चालताना वाटंतच मनात जुळवत व्हते, कुणाला काय-काय बोलायचं. जाऊन बसते तर वच्छलाची टोपली माझ्या चिंचेखाली हातभर आत. मी उभी राहिले. कमरेवर हात ठेवले.

"वच्छे! तुझी टोपली काय नांदायला आलीय का माझ्या जागंत? व्हय माघारी, गंगावनाच्या अंबाड्याची कुठली! दीड महिना ऐकून घेतलं म्हणून काय डोक्यावर बसतीस?"

आवाज असा गेला की किल्ल्याच्या भिंतीवरून फिरून परत आला. माकडं पळाली. सांडूची टोपी पडली. सगळ्या बाया माझ्याकडं बघतायत. मला एकदम भ्याव वाटलं. म्हणलं, गेलं सगळं. आपण आपल्याच हातानं घालवलं.

तर हमीदाबी टाळी वाजवून म्हणली, "हौ! अब हुई दिवाली!"

सारजामाय खुर्चीतून हसायला लागली, द्वारकाबाई हसायला लागली. वच्छला लाल झाली, मग तिनं बी हात नाचवून मला दोन सुनावल्या, भारी-भारी, आणि टोपली हातभर मागं घेतली.

तेवढ्यात नाशिकची गाडी येऊन थांबली. एक बाई उतरून सरळ वच्छलाकडं आली. वच्छलाचा पाला व्हता, तिची बी बोहनी नव्हती, आणि रागानं तिच्या नाकपुड्या फुगलेल्या. मी डोळे मिटून घेतले.

"ताई, आधी तिकडं," वच्छला म्हणली. "ती चिंचंखाली बोंबलत उभी हाय ना, तिची टोपली. लई गोड हायेत."

आता डायरी बंद. परत पिठाच्या डब्यावर ठेवते. शिव्या आता तोंडानं देता येतात, कागद कशाला नासायचा? भाऊ यायची वेळ झाली, आणि वच्छलाला भाऊ नाय, तिला बी ओवाळायला बोलावलंय. माझ्याच भावाला ओवाळंल ती. माझं ताट ठेवायच्या आधी तिचं ठेवीन, तिची आज पहिलीच वेळ हाय.